हलू नका, उजेड हलतो

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, खालच्या खोलीतला तो काळा दगड अजून आहे का?" मी हो म्हणाले आणि पुढे काही सांगणार तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. दगड आहे. त्याच्याखालच्या स्कूटरच्या ट्यूबमधली हवा गेल्यामुळे तो थोडा खाली बसला आहे, एवढंच. सुट्टीत यायचात तेव्हा तुम्ही त्या खोलीच्या दारात उड्या मारायचात आणि आतून आवाज यायचा, "हलू नका रे, उजेड हलतो." तुम्ही त्यांना लाईटवाले आजोबा म्हणायचात. आम्ही त्यांना सर म्हणत असू. त्यांच्याबद्दल तुम्हाला नीट सांगावं असं बरेच दिवस मनात होतं. फोनवर ते जमणार नाही, म्हणून लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

आधी घराचं सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आपलं घर सुरतेत गोडादऱ्याला, सोसायटीच्या शेवटच्या ओळीत. मागची भिंत आप्पांच्या पावरलूमच्या शेडला लागून आहे. आप्पा मूळचे धुळ्याकडचे. त्यांचे कारागीरही बरेचसे खानदेशातलेच, इथे जवळच लिंबायतला राहणारे. लूम दिवसपाळी आणि रातपाळी दोन्ही चालतात. माझ्या ओट्यावर पाण्याचा पेला ठेवला तर पाण्यावर सतत बारीक वलयं उठत असतात. आम्हाला त्याची इतकी सवय झाली आहे की आवाज थांबला की झोपमोड होते. वर्षातून एकदाच तो बरेच दिवस थांबतो, दिवाळीत. सुरतेत त्याला वेकेशन म्हणतात. बाजार बंद, शेड बंद, कारागीर आपापल्या गावी. नव्या वर्षाचा बाजार उघडणारी लाभपाचम झाली की माणसं हळूहळू परततात आणि पेल्यातलं पाणी पुन्हा थरथरायला लागतं.

अशा घराच्या खालच्या खोलीत, थेट त्या भिंतीला लागून, सरांनी असं यंत्र मांडलं की ज्याला केसाच्या जाडीइतकंही हलणं चालत नव्हतं. दुसरी जागा घ्या, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं. ते म्हणायचे, "वहिनी चहा चांगला करतात." हे खरं कारण होतं. सर खोटी कारणं देत नसत, त्यांना ती देताच येत नसत.

या एका गोष्टीवरून त्यांची ओळख करून देते, कारण पुढचं सगळं हिच्यातूनच आलं. सरांना खोटं बोलता येत नसे हे तर झालंच, पण त्यांना काही लपवताही येत नसे. तुमचे आजोबा आणि ते रमी खेळायचे. हातात जोकर आला की सरांच्या भुवया वर जायच्या. आजोबांनी त्यांना एकदा गॉगल लावून खेळायला बसवलं, तर जोकर आल्यावर ते गुणगुणायला लागले. माझ्या साठीला तुमच्या आईने आणि आजोबांनी वर गच्चीवर काहीतरी बेत केला होता आणि मला तासभर खाली अडकवून ठेवायचं काम सरांवर सोपवलं होतं. सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, मला तुम्हाला खाली थांबवून ठेवायला सांगितलं आहे. का, ते मात्र मी सांगणार नाही."

एकदा पुढची खोली भाड्याने द्यायची होती. एक कुटुंब बघायला आलं. त्यांनी सरांना सहज विचारलं, पाणी किती वाजता येतं? सरांनी वेळ सांगितली, शिवाय मोरी तुंबते, भिंत गरम होते आणि लूममुळे भांडी मांडणीवरून सरकत सरकत खाली पडतात हेही सांगितलं. ते लोक गेल्यावर आजोबा म्हणाले, "सर, आम्ही भाडेकरू शोधतोय आणि तुम्ही हाकलताय."

"त्यांनी विचारलं," सर म्हणाले.

"पाण्याचं विचारलं होतं."

"मग मोरी पाण्यातच येते की."

सरांचं गाव जळगावकडे. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं. कॉलेज सुटल्यावर हिरेवाल्यांची लेझर यंत्रं दुरुस्त करायला जात. कच्चा हिरा कुठून कापायचा हे ठरवणारी यंत्रं असतात, त्यांच्यातली भिंगं आणि आरसे बिघडले की सरांना बोलावणं येई. बायको गेल्यावर त्यांनी कॉलेजची जागा सोडली आणि मुलीला घेऊन आपल्याकडे राहायला आले. मेधा तेव्हा कॉलेजात होती. सरांच्या खिशात भिंगं पुसायचं एक मऊ पिवळं फडकं कायम असे. समोरच्या माणसाच्या चष्म्यावर धूळ दिसली की ते न विचारता चष्मा काढून घेत, पुसत, परत नाकावर बसवत आणि मगच बोलायला लागत. दूधवाला, आप्पा, सोसायटीचे चेअरमन, कुणीही सुटलं नाही. "आधी पुसा, मग बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता जे सांगते ते दुःखाचं आहे, पण त्याच्याशिवाय तो दगड समजणार नाही.

मेधाला नोकरी लागून ती पुण्याला गेली, तिथे तिने एक मुलगा पसंत केला आणि मुलाकडची माणसं बैठकीला सुरतेला आली. बैठक आपल्याच घरी, वरच्या हॉलमध्ये झाली. मी कांदेपोहे केले होते, घारी ही इथली मिठाई आणली होती. माणसं चांगली होती. तारखांपर्यंत बोलणं आलं होतं. मुलाची आई सहज म्हणाली, "मेधाची आई आज हवी होती."

सर म्हणाले, "हो. तिला स्तनाचा कॅन्सर झाला. तिच्या आईलाही तोच झाला होता, मावशीलाही. डॉक्टर म्हणतात, हे घराण्यात उतरत असावं. मेधाची तपासणी करून घ्यायला सांगितलं आहे, अजून केलेली नाही."

कुणी काही विचारलं नव्हतं. मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "कळवतो." त्यांनी कळवलं नाही. मुलानेही काही दिवसांनी मेधाचा फोन उचलणं बंद केलं.

पाहुणे गेले त्या संध्याकाळी मी कप विसळत होते आणि मेधा ओट्यापाशी उभी होती. सर दारात आले.

"त्यांनी विचारलं होतं का, बाबा?" ती म्हणाली.

"नाही. पण ते खरं आहे."

"खरं आहे. पण ते माझं होतं. तुमचं नव्हतं."

मला वाटतं, सरांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या खऱ्या वाक्याचं काय करायचं ते कळलं नाही.

डॉक्टर तपासणीची घाई करत होते. धोका आहे असं वेळेवर कळलं तर पुष्कळ काही करता येतं, असं त्यांनी मलाही समजावून सांगितलं होतं. मेधा तयार होईना. शेवटी एकदा सुट्टीला आलेली असताना तिने सांगून टाकलं, "तपासणी करेन. पण उत्तर फक्त मला कळलं पाहिजे. कुठल्या लॅबमध्ये कुणी ते वाचायचं नाही. डॉक्टरांना मी सांगेन तेव्हा कळेल. आणि बाबा, तुम्हाला तर मुळीच कळता कामा नये. तुमच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. तुम्हाला कळलं म्हणजे सगळ्या सोसायटीला कळलं."

दुसरा एखादा बाप दुखावला असता. कुणी गणिताची अट सांगावी तसं सरांनी ते ऐकलं. मान हलवली, "ठीक आहे" म्हणाले, आणि त्याच आठवड्यात उधन्याच्या एका दुकानातून हातगाडीवर तो दगड आणला. ओट्याला लावतात तो काळा ग्रॅनाइट, चांगला जाड. आप्पा शेडच्या दारातून बघत होते. त्यांनी अहिराणीत विचारलं, "सर, काय करी राह्यनात? घरमा लगीन शे का?" म्हणजे, काय चाललंय, घरात लग्न आहे का?

सर म्हणाले, "नहीं भाऊ. मोडनं." नाही, मोडलं.

दगडाखाली त्यांनी स्कूटरच्या ट्यूब ठेवल्या, अर्धवट हवा भरून, म्हणजे जमिनीचा धक्का वर पोचू नये. दगडावर हिरेवाल्यांच्या भंगारातली भिंगं, आरसे, एक लेझर, एक कॅमेरा आला. खिडकीला जाड काळं कापड लागलं. तुम्ही पाहिलीत ती खोली अशी तयार झाली.

हे यंत्र काय करत होतं, ते सरांनी मला जसं सांगितलं तसं सांगते. कुलूप लावलेल्या आकड्यांवर गणित करता येतं. म्हणजे असं: मेधाने आपले आकडे आपल्या संगणकात कुलूपबंद करायचे, किल्ली स्वतःजवळ ठेवायची आणि बंद आकडे सरांना द्यायचे. सरांनी त्यांची बेरीज, गुणाकार सगळं करायचं, पण कुलूप न उघडता. जे उत्तर येईल तेही बंदच. ते मेधाला परत द्यायचं, ती किल्ली लावून वाचेल. मधल्या माणसाला आत काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

मला हे पटेना. न बघता गुणाकार कसा होईल? सर मला आप्पांच्या शेडमध्ये घेऊन गेले. एका लूमवर साडी चालली होती. विणताना कापडाची सुलट बाजू खाली असते आणि कारागिराला वरून उलटीच दिसते, नुसते लोंबते धागे. "हा माणूस मोर विणतोय," सर म्हणाले, "पण त्याला मोर दिसत नाही. त्याला फक्त धागा तुटता कामा नये एवढं बघायचं आहे. मला तेवढंच व्हायचं आहे, वहिनी."

"मग त्यात उजेड कशाला?"

"कुलूप लावलं की आकडा फुगतो. एका आकड्याचे हजारो होतात, आणि त्या हजारोंचे गुणाकार करताना संगणकाला धाप लागते. भिंगातून उजेड गेला की त्यातलं सगळ्यात जड काम एका झटक्यात होतं. भिंगाला वेगळं काही करावंच लागत नाही, त्याचा तो स्वभावच आहे."

सरांचं हेही वैशिष्ट्य होतं की आपल्या यंत्राचे दोषही ते त्याच दमात सांगत. उजेड थोडं चुकतो. जमीन हलली की फार चुकतो. कुलपाच्या गणितात एक आकडा चुकला की सगळं पीठ सांडलं. म्हणून ते प्रत्येक गुणाकार लहान लहान तुकड्यांत करायचे, पुन्हा पुन्हा करायचे, तपासायचे.

एकदा बंगळूरहून एका कंपनीची दोन माणसं आली. कुणीतरी त्यांना सरांबद्दल सांगितलं होतं. दवाखाने आणि बँका लोकांची माहिती न उघडता वापरू शकतील, अशा कामासाठी त्यांना उजेडाची यंत्रं हवी होती. चांगली मुलं होती, माझ्या हातचं खांडवीचं ताट संपवलं. त्यांनी सरांना विचारलं, "सर, हे यंत्र आत्ताच्या संगणकापेक्षा किती पट वेगवान आहे?"

"आत्ता? हळू आहे," सर म्हणाले.

तुमचे आजोबा मागे उभे होते, ते खोकले. सरांना ते कळलं नाही. ते सांगत राहिले, "उजेडाला वेळ लागतच नाही. पण त्याला निरोप सांगायला आणि त्याचा निरोप ऐकून घ्यायला फार वेळ लागतो. ते सुटलं तर वेगवान होईल. सुटेलच असं नाही."

मुलं परत गेली. आजोबा चिडले, "अहो, पुढे होईल एवढंच म्हणायचं."

"पुढचं त्यांनी विचारलं नाही," सर म्हणाले.

मग मी त्यांना विचारलं, की एका मेधाचंच गणित करायचं तर साधा संगणक चालला नसता का? थोडा वेळ लागला असता, पण झालं असतं ना? सरांनी माझा चष्मा काढून घेतला आणि पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. "चाललं असतं," ते म्हणाले. "पण मेधासारख्या पुष्कळ मुली आहेत. आणि खरं सांगू का? संगणकावर करायला एकच दिवस लागला असता. मग मी तिला काय म्हणून फोन करत राहिलो असतो?"

तेव्हा मला समजलं की बैठकीनंतर ती दोघं फक्त यंत्राबद्दलच बोलत. आज भिंग बदललं. आज चूक कमी आली. ती पुण्याहून संगणकाच्या बाजूची मदत करायची, सूचना द्यायची, रागवायचीसुद्धा. दुसरा कुठलाच विषय त्यांच्यात उरला नव्हता.

एक अडचण मात्र माझ्या अडाणी प्रश्नातून निघाली. मी भाजी निवडता निवडता म्हणाले, "अहो सर, कुलूप नंतर लागणार. आधी मेधाचा नमुना कुठल्या तरी लॅबमध्ये जाणारच ना? तो तर उघडाच असणार." सर जागच्या जागी थांबले. ही गोष्ट त्यांना ठाऊक होती, पण उत्तर नव्हतं. काही दिवसांनी ते वर आले आणि दारातच म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव मिळेल का?"

म्हणजे असं, की मेधाने नळीत थुंकी द्यायची, ती नळी परगावच्या लॅबला माझ्या नावाने जायची. त्यांनी अर्थ लावायचा नाही, फक्त जीन्सची, म्हणजे जनुकांची, अक्षरं वाचून फाइल पाठवायची, तीही मेधाच्या मेलवर. अर्थ लावायचं गणित कुलपाआड सरांच्या यंत्रावर होणार. मी हो म्हणाले. आजोबा म्हणाले, "या वयात तुमच्या वहिनींच्या जीन्समध्ये कुणाला काय सापडणार? हट्टीपणा तेवढा निघेल." खूप दिवसांनी मेधा हसली. फोनवरच होती, पण हसली.

ते सगळं जमून यायला वेकेशनचीच वाट बघावी लागली. धनत्रयोदशीच्या आधीच आप्पांचे लूम थांबले. कारागीर गावी गेले. ओट्यावरच्या पेल्यातलं पाणी स्थिर झालं. मेधा आली.

त्या दिवशी दुपारी घरात जो कारभार चालला तो आठवला की मला अजून हसू येतं आणि मग लगेच हसू जातं. सरांनी आम्हा सगळ्यांना सूचना दिल्या. वर कुणी चालायचं नाही. मिक्सर बंद, कुकर बंद, पाण्याची मोटर बंद. आजोबांना शिंक आली तर त्यांनी गच्चीवर जाऊन द्यायची. पण दिवाळीचे दिवस, गल्लीत पोरं सुतळी बॉम्ब लावत होती. एक बॉम्ब फुटला की दगडावरची सगळी आकडेमोड वाया. शेवटी आप्पा, जे त्या वर्षी गावी गेले नव्हते, गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक पोराला सांगायला लागले, "ए छोकरा, इधर नहीं फोडना. सर का पेपर चालू है."

"सर का पेपर?" एकाने विचारलं. "सर तो पेपर लेते हैं ना?"

"इस बार दे रहे हैं. भाग."

खोलीत मी दाराशी उभी होते. अंधारात एक हिरवी रेघ भिंगांमधून गेलेली, आणि पडद्यावर ठिपकेच ठिपके, रांगोळी विस्कटल्यासारखे. ते बदलत होते. सर कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावून बसले होते. मी हळूच विचारलं, "हेच का उत्तर?"

"याच्यात आहे."

"काय आहे?"

"मला माहीत नाही, वहिनी." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर आहे, पण मला दिसत नाही. बरोबर चाललंय."

त्यांच्या मुलीला तिच्या आईचं दुखणं आलं आहे की नाही, हे त्या ठिपक्यांत होतं. त्यांनी स्वतः पुसलेल्या भिंगांमधून ते त्यांच्यासमोरून जात होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. कधी नव्हे ते त्याच्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं.

दुपार उलटता उलटता काम संपलं. सरांनी चुका तपासल्या, पुन्हा तपासल्या आणि बंद उत्तर मेधाच्या लॅपटॉपवर दिलं. ती लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेली. खाली आजोबांनी पत्ते काढले आणि परत ठेवले.

मेधा जिना उतरून येताना ऐकू आली. तेव्हा सर उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि आरशांवर फडकी घालायला लागले. एकेक आरसा, सावकाश. ती दारात आली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. तिचा चेहरा दिसू नये म्हणून ते पाठमोरे उभे राहिले होते, हे मला लगेच कळलं. तिच्या अटीत एवढं मागितलेलं नव्हतं, पण सरांनी ते आपल्या बाजूने वाढवलं होतं.

मीही तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत होते. मेधा बराच वेळ दारात उभी होती. मग म्हणाली, "काकू, मी चहा ठेवते."

भाऊबीज झाल्यावर ती पुण्याला गेली. सर तिला स्टेशनवर सोडायला गेले ते काळा चष्मा लावून, आणि तो परत आल्यावरच काढला.

त्यानंतर सरांनी घरात एक नियमच केला. अंदाज करायचा नाही. आजोबा एकदा म्हणाले, "मेधा फोनवर खूश वाटली, म्हणजे..." सरांनी त्यांना तिथेच थांबवलं. "अंदाज करणं म्हणजे किल्ली नसताना कुलूप हलवून बघणं," ते म्हणाले. मेधा दवाखान्यात गेली का, रजा का घेतली, बारीक का दिसते, काहीच विचारायचं नाही. ती व्हिडिओवर आली की सर कॅमेरा बंद करत आणि डोळे मिटून बोलत. रमी खेळणंही त्यांनी सोडलं. आपला चेहरा आपल्याला कधी दगा देईल याचा त्यांना भरवसा वाटत नसावा. पण मी त्यांना पाहत होते. खोलीत यंत्र बंद असलं तरी ते काळ्या पडद्यासमोर तासन्‌तास बसत. जे ठिपके त्यांनी त्या दिवशी पाहिले ते त्यांच्या डोळ्यांपुढून गेले नसावेत. वाचता येत नव्हते तरी.

मेधा पुढच्या दिवाळीला आली नाही, कामं आहेत म्हणाली. लूम थांबले, सरांनी यंत्र लावलं, कुणाचंही गणित नव्हतं तरी लावलं. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "वहिनी, किती स्थिर आहे बघा." हिरवी रेघ खरंच ताणलेल्या तारेसारखी होती.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारची वेळ होती. मी पन्हं घेऊन खाली गेले, ते दगडाजवळच्या खुर्चीत बसलेले होते, हातात पिवळं फडकं. मागे लूम चालू होते. हाक मारल्यावर मान वळली नाही तेव्हा मला वाटलं, काहीतरी मोजत असतील.

मेधा त्याच रात्री पोचली. सगळे विधी झाल्यावर ती आणि मी त्या खोलीत बसलो होतो. आप्पांनी त्या दिवसांत शेड बंद ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठेवली.

तिने विचारलं, "काकू, बाबांनी तुम्हाला कधी विचारलं का? मी काही बोलले का म्हणून?"

"कधीच नाही."

"मलाही नाही." ती दगडावरून हात फिरवत होती. "दर फोनला मला वाटायचं, आज विचारतील. मी वाट बघत होते. तुम्हाला आठवतं, मी गच्चीवरून खाली आले तेव्हा दारात उभी होते?"

"आठवतं."

"त्यांना सांगायला आले होते, काकू. अट-बिट राहू दे म्हणून. पहिल्यांदा त्यांनाच सांगायचं होतं. पण त्यांनी पाठ केली होती."

ते तिच्यासाठीच पाठमोरे उभे होते, हे मी सांगितलं. ती म्हणाली, तिला ठाऊक आहे. म्हणूनच तिला हाक मारता आली नाही.

मग तिने सरांच्या खुर्चीवरचं पिवळं फडकं उचललं, माझ्या नाकावरून चष्मा काढून घेतला, तो नीट पुसला आणि परत बसवला. आणि मला सांगितलं. त्या दिवशी गच्चीवर तिने काय वाचलं ते सांगितलं.

ते मी इथे लिहीत नाही. मेधा तिच्या घरी आहे, आपलं आयुष्य जगते आहे. तुम्हाला सांगायचं की नाही ते ती ठरवेल. तुम्ही मला विचाराल, हे मला माहीत आहे. तुमच्या आईने लहानपणी काही लपवलेलं असलं की मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचे, आणि तुम्ही तिचीच मुलं, माझी ती नजर तुमच्यातही आहे; माझा चेहरा तुम्ही वाचाल. म्हणून हे तुमच्या हाती पडेल त्या रविवारी व्हिडिओ लावू नका. साधा फोन करा.